मशीन फॉरमॅट करण्याआधी स्टार्टअपची यादी उघडा

बटण दाबलं, पासवर्ड टाकला, डेस्कटॉप दिसला. टॅली उघडायला डबल क्लिक केलं, तर बाणाशेजारचं निळं वर्तुळ फिरतंच राहतं. पाच-सात मिनिटांनी मशीन एकदाचं ताळ्यावर येतं आणि मग दिवसभर बऱ्यापैकी चालतं. तुमच्या कॉम्प्युटरची लक्षणं अशी असतील, तर त्याचं दुखणं बहुधा स्टार्टअपमध्ये, म्हणजे मशीन चालू होताच आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहे. दिवसभरच सगळं रडतखडत चालत असेल तर कारण वेगळं असू शकतं, त्याबद्दल शेवटी बोलू.

सांगलीत गणपती पेठेपासून विश्रामबागपर्यंत कुठल्याही दुकानात असं मशीन नेलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, 'फॉरमॅट मारून देतो.' फॉरमॅटनंतर मशीन पळतं हे खरं आहे. पण ते पळतं, कारण मशीन चालू होताच आपोआप सुरू होणारी सगळी गर्दी पुसली गेलेली असते. त्या गर्दीसोबत टॅलीचं लायसन्स, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं कागदाचं माप, जुने मराठी फाँट, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर हेही जातं. ते सगळं परत बसवण्यात दोन दिवस मोडतात आणि वर्षभरात गर्दी पुन्हा जमते. त्यापेक्षा गर्दीच कमी करावी, आणि ती ओळखून करावी. एखादा प्रोग्रॅम स्टार्टअपमधून काढणं दोन क्लिकचं काम आहे. कोणता काढायचा नाही, हे कळायला मात्र आपल्या कामाची माहिती लागते, आणि ती इंटरनेटवरच्या तयार याद्यांत सापडत नाही.

चालू होताना आत काय घडतं

विंडोज सुरू झालं की ते आधी स्वतःच्या आणि इतर कंपन्यांच्या सर्व्हिसेस, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम, उठवतं. तुम्ही पासवर्ड टाकल्यावर 'मलाही सुरुवातीलाच चालू कर' अशी नोंद करून ठेवलेले प्रोग्रॅम एकामागून एक उघडू लागतात. ही नोंद प्रोग्रॅम बसवतानाच होते आणि बहुतेक वेळा आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

जुन्या मशीनमध्ये हार्ड डिस्क असते. तिच्यातल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात आणि वाचणारा हात एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकत राहतो. अशा प्रत्येक उडीला साधारण दहा-पंधरा मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभरेक उड्या. एकच मोठी फाईल सलग वाचायची असेल तर ही डिस्क चांगली चालते. पण पंधरा प्रोग्रॅम एकाच वेळी आपापल्या शेकडो बारक्या फायली मागायला लागले, की सौद्याच्या दिवशी एकाच वजनकाट्यावर सगळे टेम्पो एकदम यावेत तसं होतं. काटा बंद पडलेला नसतो, पण कुणाचाच नंबर लवकर लागत नाही. तुमची टॅली त्या रांगेत शेवटी उभी असते. म्हणून प्रोसेसर बरा असूनही मशीन गोठल्यासारखं वाटतं.

आधी मोजा

काही बदलण्याआधी आत्ता किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. मशीन 'शट डाऊन' न करता 'रिस्टार्ट' करा. यामागे कारण आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असली की शट डाऊन करताना विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवतं आणि पुढच्या वेळी तीच परत उचलतं. कोरी, पूर्ण सुरुवात होते ती रिस्टार्टलाच. त्यामुळे मोजमाप रिस्टार्टवर करायचं. रोज संध्याकाळी शट डाऊन करत असलात तरी आठवड्यातून एकदा रिस्टार्ट करायची सवयही ठेवा. कितीतरी बारीकसारीक अडचणी तेवढ्यानेच सुटतात.

मोबाईलवर स्टॉपवॉच लावा आणि दोन वेळा टिपा. एक, डेस्कटॉप दिसेपर्यंतची. दुसरी, तुमचं रोजचं सॉफ्टवेअर उघडून त्यात खरोखर टाइप करता येईपर्यंतची. आपल्याला दुसरी वेळ कमी करायची आहे.

विंडोज स्वतःही हा हिशेब ठेवतं. स्टार्ट मेनूत 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा. त्यात 'ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', मग 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स' आणि शेवटी 'ऑपरेशनल' असं आत जा. इव्हेंट आयडी १०० असलेल्या नोंदीत सुरू व्हायला लागलेला वेळ मिलिसेकंदात दिलेला असतो. हजाराने भागलं की सेकंद. आयडी १०१ च्या नोंदी मिळाल्या तर त्या जास्त कामाच्या, कारण नेहमीपेक्षा जास्त वेळ खाणाऱ्या प्रोग्रॅमचं नावच त्यात असतं.

यादी उघडायची कशी

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज १० मध्ये तो अगदी छोटा दिसला तर खाली 'मोअर डिटेल्स' दाबा आणि वर 'स्टार्टअप' टॅबवर जा. विंडोज ११ मध्ये डावीकडच्या पट्टीत 'स्टार्टअप ॲप्स' आहे. विंडोज ७ वर टास्क मॅनेजरमध्ये ही यादी नसते. तिथे विंडोजचं बटण आणि आर दाबून 'एमएसकॉन्फिग' इंग्रजीत टाइप करा आणि 'स्टार्टअप' टॅब बघा.

यादीत प्रोग्रॅमचं नाव, कंपनी, तो चालू आहे की बंद, आणि 'स्टार्टअप इम्पॅक्ट' म्हणजे सुरुवातीवर पडणारा भार दिसतो. हा भार अंदाजाने लिहिलेला नसतो. सुरुवातीला एखाद्या प्रोग्रॅमने प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त देवघेव केली, तर तो 'हाय'. प्रोसेसरचा वेळ ३०० मिलिसेकंदांपेक्षा कमी आणि डिस्कचं कामही ३०० केबीपेक्षा कमी असेल तर 'लो'. मधले 'मीडियम'. 'नॉट मेजर्ड' दिसलं तर त्याची मोजणी अजून झालेली नाही, एवढाच अर्थ.

आता स्तंभांच्या शीर्षकावर राइट क्लिक करा आणि 'कमांड लाइन'वर टिक करा. बहुतेक लोक हे करत नाहीत, पण ते जरूर करा. यामुळे प्रत्येक प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरातून चालतो ते कळतं. कधीकधी यादीत कोऱ्या चिन्हापुढे नुसतं 'प्रोग्रॅम' लिहिलेलं असतं. तो बऱ्याचदा कधीच काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचा उरलेला शेपूट असतो, आणि कमांड लाइन बघितली की कोणाचा ते समजतं.

मार्केट यार्डातल्या एका दुकानाची यादी

नुसते नियम सांगण्यापेक्षा एक खरी यादी वाचू. वसंतदादा मार्केट यार्डातलं हळदीचं आडत दुकान, विंडोज १०, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क. सकाळी सौद्याआधी मशीन तयार पाहिजे, कारण सौदे झाले की शेतकरी हिशेबपट्टीसाठी थांबलेला असतो. दिवाणजी म्हणाले, "अहो, मी चहा पिऊन येतो तरी हे जागं होत नाही. आणि मधेच लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून."

यादीत सर्वांत वर टीम्स. या दुकानात व्हिडिओ मीटिंग कधी झालेली नाही. भार हाय. डिसेबल, म्हणजे सुरुवातीला आपोआप उठणं बंद.

त्याखाली स्काईप. ही सेवा मे २०२५ मध्येच बंद झाली, पण या मशीनवर तिचा प्रोग्रॅम रोज सकाळी उठत होता. याला डिसेबल करून थांबायचं नाही, 'ॲप्स'मध्ये जाऊन काढूनच टाकायचं.

मग स्पॉटिफाय आणि एक टॉरेंट. सुट्टीत आलेल्या भाच्याने बसवलेले. टॉरेंट जास्त त्रासाचा, कारण तो सुरू झाल्यावर थांबत नाही, डिस्क आणि नेट दोन्ही खात बसतो. दोन्ही काढले.

प्रिंटरच्या नावाच्या दोन नोंदी होत्या. एक विकून टाकलेल्या इंकजेटची, तिचं सगळं सॉफ्टवेअरच काढलं. दुसरी आत्ताच्या प्रिंटरची, शाई किती उरली ते दाखवणारी. ती डिसेबल केली तरी छपाई थांबत नाही, कारण छपाईचं काम 'प्रिंट स्पूलर' नावाची विंडोजची सर्व्हिस करते. दिवाणजींना खात्री पटावी म्हणून लगेच रिस्टार्ट करून एक पट्टी छापून दाखवली.

वनड्राइव्हपाशी, म्हणजे फायली इंटरनेटवर साठवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीपाशी, मी थांबलो. इंटरनेटवर सगळीकडे 'वनड्राइव्ह बंद करा' असाच सल्ला असतो. पण आधी बघायचं, की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर त्यात साठवले जात आहेत का. घड्याळाशेजारच्या ढगाच्या चिन्हावर क्लिक केलं की कळतं. साठवले जात असतील, तर वनड्राइव्ह बंद केल्यावर बॅकअपही थांबेल आणि ते महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येणार नाही. इथे कोणी खातंच उघडलेलं नव्हतं, म्हणून बंद केलं. गुगल ड्राइव्हलाही हाच विचार लावा.

सर्वांत मोठं लचांड निघालं अँटिव्हायरसचं. एक चालू, मुदत असलेला. दुसरा जुना, मुदत संपलेला, पण अर्धवट तसाच राहिलेला. दोन अँटिव्हायरस प्रत्येक फाईल आपापल्या परीने तपासू पाहतात आणि हार्ड डिस्कवर त्याचा भार फार पडतो. अशा वेळी एकच ठेवायचा आणि दुसरा पूर्ण काढायचा. त्यासाठी बहुतेक अँटिव्हायरस कंपन्या आपल्या संकेतस्थळावर काढून टाकायचं स्वतंत्र साधन देतात, ते वापरायचं. विकतचा अँटिव्हायरस नसेल तर विंडोजसोबत येणारा डिफेंडर आपोआप काम सुरू करतो.

आणि एक एनीडेस्क. कधीतरी सॉफ्टवेअरवाल्याने दुरून दुरुस्ती करताना बसवलेलं, तसंच राहिलेलं. ते मशीन हळू करत नाही, पण दुसऱ्याला तुमच्या मशीनमध्ये शिरता येईल असा दरवाजा रोज सकाळी उघडा ठेवणं मला मुळीच पटत नाही. अशाच ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ साली इशारा दिला होता. लागेल तेव्हा उघडा, काम झालं की बंद करा.

एवढ्यावर मशीन पुन्हा मोजलं. टॅलीत टाइप करता येईपर्यंतची वेळ सात मिनिटांच्या आसपास होती, ती तीन मिनिटांच्या आत आली. एक पैसा खर्च झाला नाही.

यांना हात लावू नका

तुमच्याकडे महा ई-सेवा केंद्र किंवा आधारवर अंगठा घेऊन चालणारं कुठलंही काम असेल, तर बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची 'आरडी सर्व्हिस' चालू असलीच पाहिजे. ती बंद पडली की यंत्राचा दिवा लागेल, पण ठसा घेतला जाणार नाही आणि बाहेर लोक रांगेत उभे राहतील. टॅली अनेक मशीनवर चालत असेल तर मुख्य मशीनवरचा 'टॅली गेटवे सर्व्हर' तसाच ठेवा, बाकीच्या मशीन लायसन्ससाठी त्याच्याकडेच बघतात. जीएसटी, ई-टेंडर यांसाठी डिजिटल सहीचं टोकन रोज लावत असाल तर त्या टोकनचा छोटा प्रोग्रॅम राहू द्या. महिन्यातून एकदाच सही करत असाल तर तो त्या दिवशी हाताने सुरू केला तरी चालतो.

मराठी टायपिंगचंही तसंच. श्रीलिपी किंवा आयएसएमवर रोज काम होत असेल तर त्यांचा प्रोग्रॅम ठेवा. विंडोजच्या स्वतःच्या मराठी कीबोर्डवर युनिकोडमध्ये टाइप करणाऱ्यांना मात्र वेगळ्या प्रोग्रॅमची गरज नाही.

याशिवाय 'विंडोज सिक्युरिटी नोटिफिकेशन आयकॉन', साउंडचा रिअलटेक आणि लॅपटॉपच्या टचपॅडचा सिनॅप्टिक्स किंवा एलान हे असू द्यात. त्यांचा भार किरकोळ असतो.

शंका असेल तिथे एका वेळी एकच गोष्ट डिसेबल करा, रिस्टार्ट करा आणि दिवसभर काम करून बघा. डिसेबल म्हणजे डिलीट नव्हे. त्याच यादीत जाऊन 'एनेबल' केलं की सगळं पूर्ववत होतं. काय बदललं ते वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढे काही अडलं तर दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचा अर्धा वेळ वाचतो.

या यादीत न दिसणारे

टास्क मॅनेजर सगळं दाखवत नाही. सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' आणि मग 'स्टार्टअप' इथेही एक नजर टाका. त्यानंतर ब्राउझर. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' या भागात, क्रोम बंद केल्यावरही मागे ॲप्स चालू ठेवायचा पर्याय असतो, तो बंद करा. एजमध्ये 'स्टार्टअप बूस्ट' आहे. तो एज लवकर उघडावं म्हणून त्याचा थोडा भाग आधीच चालू करून ठेवतो. ४ जीबी रॅमच्या मशीनवर हे परवडत नाही. शिवाय सेटिंग्जच्या 'अकाउंट्स', 'साइन-इन ऑप्शन्स'मध्ये 'रिस्टार्ट ॲप्स' आहे. बंद करताना उघडी असलेली काही ॲप्स त्यामुळे पुन्हा उघडतात. 'मी तर स्टार्टअपमधून काढलं, तरी सकाळी उघडतंच' या तक्रारीचं उत्तर अनेकदा इथे सापडतं.

यापुढे सर्व्हिसेस. विंडोजचं बटण आणि आर दाबून पुन्हा 'एमएसकॉन्फिग' उघडा, 'सर्व्हिसेस' टॅबवर जा आणि सगळ्यांत आधी खालच्या 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर टिक करा. हे केल्याशिवाय तिथे काहीही बदलू नका. उरलेल्या यादीत काढून टाकलेल्या प्रिंटरच्या, जुन्या मोबाईल सॉफ्टवेअरच्या सर्व्हिसेस दिसतील, त्यांची टिक काढा. क्रोमसारख्यांच्या अपडेटच्या सर्व्हिसेस मात्र राहू द्या, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यांच्यातून येतात.

एक गोष्ट या टिकमुळे नजरेतून सुटते. बिलिंगची बरीच सॉफ्टवेअर आपल्यासोबत एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे डेटा साठवणारा प्रोग्रॅम, बसवतात आणि मूळ सॉफ्टवेअर काढलं तरी तो मागे राहतो. तो मायक्रोसॉफ्टचाच असल्यामुळे वरची टिक केली की दिसेनासा होतो. स्टार्ट मेनूतून 'सर्व्हिसेस' उघडून त्याचं नाव शोधा. कुठलंच सॉफ्टवेअर वापरत नसेल, आणि हे सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून विचारल्याशिवाय ठरवू नका, तर बंद करा. वापरात असेल पण सकाळी लगेच लागत नसेल, तर त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'ऑटोमॅटिक'ऐवजी 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' निवडा. अशी सर्व्हिस सर्वसाधारणपणे बाकीच्यांनंतर दोनेक मिनिटांनी सुरू होते. हा पर्याय मला फार उपयोगाचा वाटतो, कारण काहीच बंद न करता सकाळची गर्दी विभागली जाते.

एवढं करूनही एखादा प्रोग्रॅम कुठून उठतो ते सापडत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं 'ऑटोरन्स' हे मोफत साधन आहे. ते मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून घ्या. आपोआप सुरू होण्याच्या जवळजवळ सगळ्या जागा ते एकत्र दाखवतं, ठरलेल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमधल्या नोंदींसह. उघडल्याबरोबर 'ऑप्शन्स'मधून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाईल जागेवर नाही. टिक काढली की नोंद थांबते आणि परत टिक केली की चालू होते. डिलीट मात्र करू नका.

एका क्लिकमध्ये कॉम्प्युटर वेगवान करून देणारी, रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करणारी सॉफ्टवेअर टाळा. रजिस्ट्री क्लीनर वापरायला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. त्यातली कित्येक स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात आणि दर थोड्या वेळाने पैसे मागणारी खिडकी उघडतात.

तरीही हळूच असेल तर

टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' टॅबवर डिस्क बघा. काही न करताही ती बराच वेळ १०० टक्क्यांवर असेल आणि नावाशेजारी 'एचडीडी' म्हणजे हार्ड डिस्क असं लिहिलेलं असेल, तर एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्या नसलेली वेगवान डिस्क, बसवा. नवीन मशीन घ्यायच्या आधी करायचा खर्च हाच. आहे त्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर करता येते, त्यामुळे टॅली, फाँट, ड्रायव्हर सगळं जसंच्या तसं राहतं. दुकानदाराला 'फॉरमॅट नको, क्लोन करून द्या' असं स्पष्ट सांगा आणि त्याआधी डेटाचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर बॅकअप आजच घ्या, बाकी सगळं नंतर. मेमरी सतत ८०-९० टक्के भरलेली दिसत असेल तर रॅम ४ ची ८ जीबी करा.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, त्यामुळे खर्च करण्याआधी मायक्रोसॉफ्टच्या 'पीसी हेल्थ चेक'ने तुमचं मशीन त्यात बसतं का ते तपासून घ्या.

नवीन प्रिंटर, नवीन सॉफ्टवेअर, एखादा मोठा अपडेट, यांतलं काहीही झालं की स्टार्टअपच्या यादीत नवी नावं येतात. त्यासाठी सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', 'नोटिफिकेशन्स' इथे खाली 'स्टार्टअप ॲप नोटिफिकेशन' दिसलं तर ते चालू करून ठेवा. मग एखाद्या ॲपने सुरुवातीला चालू होण्याची नोंद केली की विंडोज कोपऱ्यात तसं कळवतं, आणि ते ठेवायचं की नाही हे तिथल्या तिथे ठरवता येतं.